कावळ्याचे सर

दुसऱ्याचं दुःख जाणता येणं हा माणूसपणाचा पाया आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते मंचरहून घोडेगावला जाणाऱ्या एसटीत, उभ्यानं. ते उच्चारणाऱ्या गृहस्थांचा उजवा पाय त्या वेळी माझ्या डाव्या पायावर होता.

हे गृहस्थ म्हणजे भोर सर. छातीशी एक फुगलेली कापडी पिशवी धरून ते उभे होते. पिशवीत काय आहे असं शेजारच्या एका म्हाताऱ्यानं सहज विचारलं होतं, आणि त्याला उत्तर म्हणून हे वाक्य आलं होतं. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी म्हणालो, "आपला पाय."

त्यांनी कुतूहलानं खाली पाहिलं. "तुमचा आहे का? मला वाटलं पिशवी आहे कुणाची." पाय काढून घेतला आणि विचारलं, "दुखला का?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती, हे मला कधीच कळणार नाही," ते म्हणाले. स्वरात खरा खेद होता. "तोच माझा विषय आहे."

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. मी आमच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला रुजू होत होतो. भोर सर तिथं आधीपासून तत्त्वज्ञान शिकवत होते. पुढची पंधरा वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. माझा पाय मी टेबलाखाली आत घेऊन बसत असे.

तत्त्वज्ञानाला विद्यार्थी तीन. एखाद्या वर्षी चार व्हायचे, पण चौथा बहुधा भूगोलाच्या वर्गात जागा न मिळाल्यानं आलेला असे. भोर सरांना त्याचं काही वाटत नसे. दोन माणसं पुरतात, असं ते म्हणत. एक असला की तो नुसता असतो, दुसरा आला की त्याला आपण आहोत हे कळायला लागतं.

त्यांच्या पिशवीत प्रबंध होता. विषय, 'परानुभूती आणि व्यक्तीची घडण'. युरोपात फिनॉमेनॉलॉजी नावाची एक विचारपद्धती सुरू झाली, तिच्यातला हा प्रश्न: दुसऱ्याचं मन आपल्याला कळतं ते कसं. मराठीत तिला तीन-चार प्रतिशब्द आहेत आणि ते एकमेकांच्या घरी जात नाहीत. भोर सर म्हणत, "नाव सोडा राव. बघायच्या आधी ठरवून टाकायचं नाय, आणि जे जसं समोर येतं तसं नीट बघायचं. एवढंच हाये त्ये." वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत आणि आमच्याशी मधेच आपल्या गावची, अवसरीची. जे मनापासून सांगायचं ते हटकून अवसरीच्या बोलीत यायचं.

प्रबंधाचा सारांश आम्हाला पहिल्या वर्षीच कळला, तोही आमच्या क्लार्कच्या दाढेमुळे. एके दिवशी क्लार्क गाल धरून बसला होता. भोर सर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि दहा मिनिटं त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "हे बघा, यांची दाढ मला दुखत नाही. कधी दुखणारही नाही. पण ती दुखतेय हे मी हिशोब करून काढलेलं नाही. धूर दिसला म्हणून विस्तव असणार, असला हा प्रकार नाही. मला त्या चेहऱ्यातच दुखणं दिसतं. दिसतं माझ्यापाशी, असतं मात्र त्यांच्यापाशी. ही जी अडचण आहे ना, तिच्यात सगळा माणूस आहे."

क्लार्क म्हणाला, "दिसतंय ना सर? मग माझ्या रजेच्या अर्जावर सायबांची सही आणा की."

भोर सर लगेच उठले आणि सही आणली. तत्त्वज्ञानातून निघालेली ती आमच्या कॉलेजातली एकमेव प्रशासकीय कृती.

एकदा तिन्ही विद्यार्थ्यांना घेऊन ते ओझरला गेले. मलाही ओढलं. विघ्नहराचं दर्शन घेऊन झाल्यावर सगळे प्रसादाच्या दुकानाकडे वळतात. सरांनी मुलांना दाराबाहेर कडेला बसवलं आणि सांगितलं, "देव बघून झाला. आता देव बघून येणाऱ्यांची तोंडं बघा. आत काय घडलं असंल त्ये त्यांच्या तोंडावर अजून ओलं असतं. उंबऱ्यापासून वीस पावलांत वाळतं."

आम्ही बघत बसलो. हिवाळ्यातली सकाळ होती, मागं धरणाचं पाणी इतकं स्तब्ध की पलीकडचा डोंगर त्यात उलटा झोपल्यासारखा. एकेक चेहरा उंबऱ्याबाहेर येत होता. एक माणूस हसत होता आणि आपण हसतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. एका बाईनं काहीतरी आत ठेवून आल्यासारखे हात रिकामे धरले होते. मग चपला शोधताना दोघांचेही चेहरे मिटले आणि ते कुणीही झाले. मी त्या दिवशी काय शिकलो ते मला सांगता येणार नाही, पण अजूनही देवळात गेलो की माझं तोंड चुकीच्या दिशेला असतं.

अर्ध्या तासानं रखवालदार आला. "पावणं, दर्शन झालं असंल तर सरका आता. बाया इचारत्यात, ही माणसं गळ्याकडं का बगत्यात."

"तोंडाकडे बघतोय," भोर सर म्हणाले.

"त्येच सांगतोय," तो म्हणाला.

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. अवसरी बुद्रुकला ते थोरल्या भावाकडे राहत. भावाला सगळं गाव अण्णा म्हणे. अण्णांनी सातवीनंतर शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला शिकवलं. त्यांना मूल नव्हतं, बापू होता. बापू म्हणजे भोर सर. घरात अण्णा, अण्णांची बायको आणि बापू, अशी तीन माणसं, आणि पडवीत बटाट्याच्या गोण्या. मी अधूनमधून तिथं जेवायला जाई. अण्णा कमी बोलत. मोटर चालू आहे की बंद, लाइट किती वाजता येणार, एवढ्यावर त्यांचं जेवण होई. सर ताटाशेजारी पुस्तक उघडून ठेवत, पान उडू नये म्हणून त्यावर मिठाची वाटी. वहिनी पुस्तकाच्या कडेनं भाकरी सरकवत.

एकदा अण्णांनी माझ्यादेखत विचारलं, "बापू, किती वर्सं झाली तुझ्या त्या लिखाणाला?"

"नऊ," सर पुस्तकातून म्हणाले.

अण्णांनी थोडा विचार केला. "ऊस बारा महिन्यांत निघतो," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सर मला एसटीपर्यंत पोचवायला आले तेव्हा मी विचारलं, "प्रबंधात इतकी माणसं आहेत तुमच्या. रखवालदार आहे, क्लार्क आहे. अण्णा कुठं आहेत?"

"अण्णा?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "अण्णाचं काय लिहायचं राव? अण्णा घरचा हाये."

त्यांची कीर्ती झाली ती मात्र प्रबंधामुळे नाही. ती कावळ्यामुळे झाली.

आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी सगळं गोत नदीच्या घाटावर जमतं. भाताचे पिंड करून मोकळ्यावर ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा पिंडाला शिवला की सुटका. नाही शिवला, तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं समजतात, आणि मग ती कोणती असेल याचा शोध सुरू होतो. भाऊबंद हात जोडून मोठ्यानं कबूल होतात, धाकटीचं लग्न लावू, बांधाचं भांडण मिटवू, बैल विकणार नाही. बरोबर ओळखलं की कावळा येतो. कुणालाच ओळखता आलं नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून तो शिवतात, पण त्यात सगळ्यांनाच थोडी हार वाटते. या वाट बघण्यात श्रद्धांजलीची भाषणं होतात. पुढाऱ्यांना ती फार सोयीची पडतात, कारण कावळा येईपर्यंत श्रोत्यांना उठता येत नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याचा बाप गेला तेव्हा भोर सर आणि मी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या त्याच्या वस्तीवर गेलो होतो. भात आणि नाचणी पिकवणारी माणसं. त्यांचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. सर आदल्या दिवशीच जाऊन मुलाच्या घरी बसून आले होते. सांत्वन वगैरे केलं नव्हतं. ते त्यांना येत नसे. नुसते बसून घर बघत होते.

दहावा पाण्याच्या काठाला होता. धुकं इतकं खाली उतरलं होतं की पिंड ठेवलेला दगड तेवढा दिसे आणि त्याच्या पलीकडे जग संपे. माणसं बोलत ती पाण्याखालून बोलल्यासारखी वाटत. कावळा नव्हता. मुलानं बहिणीचं लग्न कबूल केलं. चुलत्यानं जमिनीचा वाद सोडला. आईला सांभाळायचं कबूल झालं. धुकं हललं नाही.

एक सभापती आले होते. त्यांनी कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत असं सांगितलं. भोर सर माझ्या कानाशी म्हणाले, "सहभागी कसं होता येईल? वाटणी जमिनीची होते. दुःख सामायिक खात्यात नसतं."

मग ते उठून मुलाजवळ गेले आणि हळूच विचारलं, "तुमच्या दाराआड चुन्याचा डबा आहे. कुंचा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय. घराला तर शेणाचा हात आहे. मग चुना कशाला?"

 त्याची आई मागून म्हणाली, "उन्हाळ्यात पानी उतारलं का जुन्या गावचं देऊळ उघडं पडतं. म्हातारा दरसाल जाऊन त्येला चुना लावायचा. म्हनायचा, म्हैनाभर का व्हईना, देवाला घर दिसू द्या."

मुलानं पाण्याकडे तोंड करून हात जोडले. "बा, म्यां लावीन चुना." आणि धुक्यातून एक कावळा चालत आला. उडत नाही, चालत. पिंडाला चोच लावली.

कावळ्यांना भूकही लागते, हे मी सरांना परतताना सांगितलं. ते म्हणाले, "मग? कावळ्याचा प्रश्नच न्हाई. कावळा येईपर्यंत सगळं गाव एका माणसाच्या जाग्यावर उभं राहून बघतं, ह्याला काय पायजे व्हतं म्हणून. एरवी कधी बघत्यात?"

त्यानंतर कॉलेजच्या फाटकात मोटरसायकली येऊ लागल्या. "त्ये कावळ्याचे सर हायेत का? आमच्याकडं उद्या दहावा हाये." प्राचार्य चिडत. सर तर्कशास्त्राचा तास संपवून मागच्या सीटवर बसून जात आणि आदल्या दिवशी त्या घरात तास-दोन तास बसून येत. कुणाच्या उशाला परत न केलेलं पाहुण्यांचं भांडं दिसे, कुणाच्या खुंटीला एकदाही न घातलेला शर्ट. जवळजवळ सगळीकडे त्यांनी ओळखलं. जुन्नरच्या बाजूनंही बोलावणी येऊ लागली. मी त्यांना विचारलं की एका विवेकी माणसानं हे करावं का. ते म्हणाले, "लोक मला कावळ्यासाठी बोलावत्यात, मी माणसांसाठी जातो. कावळ्याला ह्यातलं काय म्हाईत न्हाई."

पुण्याच्या मार्गदर्शकांना त्यांनी शेवटचं प्रकरण दाखवलं. त्यात हे सगळं होतं. दुसऱ्याचं मन थेट मिळत नाही, पण त्याच्या वस्तूंत, हातांत, सवयींत ते उघडं पडलेलं असतं. ज्याला बघता येतं त्याला कळतं, असा निष्कर्ष होता. मार्गदर्शक म्हणाले, धाडसी आहे, पण टिकेल. त्या वर्षी भोर सर थोडे ताठ चालत होते. शिकलेल्या माणसाला एखादी गोष्ट खरोखर येऊ लागली की तो असा चालतो. मी त्यांना तसं बोललो नाही.

मार्गशीर्षात अण्णा गेले. सकाळी बटाट्याच्या रानात पाणी धरायला गेले होते, ते बांधावर बसलेलेच सापडले. मुलगा नसल्यानं सगळं सरांनी केलं.

दहाव्याला घोड नदीच्या काठी ही गर्दी. अण्णांना मानणारी माणसं होतीच, पण निम्मे लोक आणखी एका गोष्टीसाठी आले होते. कावळ्याच्या सरांच्या घरचा दहावा आहे, बघू, असं एसटीतच माझ्या कानावर आलं होतं. सर पुढं बसले होते, केस काढलेले, अंगावर पांढरा पंचा. तसं त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि ते इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. नदीवरून वाफा निघत होत्या. उसाचे तुरे वाफेत तरंगत होते, खालचा ऊस नव्हताच.

पिंड ठेवले. समोरच्या बाभळीवर सात-आठ कावळे होते. एकही खाली येईना.

सर उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "अण्णा, वहिनीला अंतर देणार नाही."

कावळे बसून होते.

"रान दुसऱ्याला कसायला देणार नाही."

एका कावळ्यानं पंख झाडले आणि पुन्हा मिटले.

"विहीर खोल करायची राहिली, ती करतो." मग शेवटी, "प्रबंध पुरा करतो."

काही झालं नाही. सभापती घड्याळाकडे बघू लागले. त्यांना अजून दोन घाट करायचे होते. कुणीतरी धीर देत म्हणालं, "आठवा सर. तुमी लोकांचं वळखता, ह्ये तर घरचं हाये." मागून दुसरा एक आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा: "लोकांच्या घरातले डबे उघडून बघत्यात. सवताच्या घरात काय बगितलं व्हतं का?"

भोर सर वळले नाहीत. मी कडेला होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते शोधत होते. अण्णांची खुंटी, अण्णांची उशी, अण्णांच्या दाराआडचं काहीतरी. आणि त्यांना काहीही सापडत नव्हतं. परक्या घरात दोन तास बसून त्यांना जेवढं दिसे, तेवढंही या घरात पंचेचाळीस वर्षं राहून दिसलं नव्हतं, हे त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. ते दुःख मला झालं असं मी म्हणणार नाही. मला ते दिसलं. होतं मात्र त्यांच्यापाशी.

मग त्यांनी जे केलं ते आमच्याकडे घाटावर कुणी करत नाही. कबूल व्हायचं ते पुरुषांनी, आणि गेलेल्याला उद्देशून. सर चालत बायका बसल्या होत्या तिकडे गेले आणि सगळ्यांदेखत वहिनींसमोर उकिडवे बसले.

"वहिनी, मला म्हाईत न्हाई. अण्णाला काय पायजे व्हतं?"

वहिनींनी पदर पुढं ओढला. "मला काय इचारताय भावजी. मला तरी कुठं काय सांगायचे त्ये."

"कायच न्हाई?"

 वहिनी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "तुमी जेवताना पुस्तकात बगायचे. त्ये तुमच्याकडं बगायचे. म्यां एकदा म्हनलं, काय बोलायचं हाये तर बोला की भावाला. तर म्हनले, बापू वर बगंल तवा सांगू."

"काय सांगायचं व्हतं?"

"त्ये तुमाला सांगायचं व्हतं. मला न्हाई सांगितलं."

त्यानंतर कावळा शिवला की नाही यावर अवसरीत आजही दोन मतं आहेत. काहीजण शपथेवर सांगतात की त्याच घटकेला एक कावळा उतरला. काहीजण म्हणतात, सभापतींची गाडी सुरू झाली म्हणून सगळे कावळे उडाले आणि गुरुजींनी दर्भाचा लावला. मी विश्वसनीय साक्षीदार ठरलो असतो, पण मी पाहिलं नाही. मी भोर सरांकडे बघत होतो. ते वर बघत होते, वाफेत, अण्णा जेवायला जिथं बसत साधारण तेवढ्या उंचीवर.

पुढं ते कुणाच्या दहाव्याला ओळखायला गेले नाहीत. मोटरसायकली येत राहिल्या. ते फाटकापर्यंत जात आणि सांगत, "घरात जिवंत कोण कोण हाये? त्यांना इचारा. मला न्हाई कळत त्यातलं." लोकांना वाटे, सर मोठेपणा करत्यात.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यांनी काढून टाकलं. साठ पानं होती. त्या जागी चार पानं घातली. मी ती वाचली. दुसऱ्याच्या वस्तूंवरून, खुणांवरून त्याला ओळखणं ही आपली हुशारी असते आणि हुशारी आपल्यापाशीच राहते, असं त्यात लिहिलं होतं. दुसरा माणूस म्हणजे सोडवायचं कोडं नसतो. तो आपल्याकडे बघत असतो. त्याच्या नजरेत आपणही घडत असतो, आणि ती नजर चुकवली तर आपलं तेवढं घडायचं राहून जातं. ते मागाहून भरून काढता येत नाही. या विधानाला तळटीप होती: मौखिक, अवसरी बुद्रुक. मार्गदर्शकांनी संदर्भ नीट द्या म्हणून दोनदा परत पाठवलं. सरांनी तिसऱ्यांदा वहिनींचं नाव घातलं, आणि ते चाललं.

पदवी मिळाली त्याच वर्षी विद्यार्थ्यांअभावी तत्त्वज्ञान विभाग बंद झाला. संस्थेनं शाल आणि नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. अध्यक्षांनी तत्त्वज्ञानाची समाजाला आज किती नितांत गरज आहे यावर चाळीस मिनिटं भाषण केलं. दुसऱ्या दिवसापासून भोर सरांकडे पर्यावरणाचे तास आले.

मी पुण्याला जाण्यापूर्वी अवसरीला निरोपाचं जेवलो, होळीच्या आसपास. ओसरीत आता एक टीव्ही होता. वहिनी ताटं वाढता वाढता मला म्हणाल्या, "म्यांच आनायला लावला. भावजी जेवताना सारकं तोंडाकडं बगायचे. माजा घास उतरंना. म्हनलं, दुसरीकडं कुटंतरी बगा."

सर हसले. त्यांच्या ताटाशेजारी पुस्तक नव्हतं. मिठाची वाटी मिठाच्या कामाला लागली होती.

आम्ही जेवत होतो आणि पडद्यावर भरजरी साड्यांतल्या बायका जिन्यावरून उतरत होत्या. बाहेर कडुलिंबाची पानं गळत होती. खोलीत निळसर उजेड हलत होता, आणि त्या उजेडात वहिनींचा चेहरा मधेच तरुण होई, मधेच म्हातारा.

"ही का थांबली?" सरांनी विचारलं.

"तिला जायाचं न्हाई," वहिनी म्हणाल्या. "सासूला वाटतंय ही रागावली. ही रागावली न्हाई, भ्याली हाये. आन त्यो निळ्या शर्टातला हाये ना, त्येला समदं कळलंय. पर त्यो बोलायचा न्हाई."

"कशावरून?"

"बगा की त्येच्याकडं."

सरांनी त्या निळ्या शर्टाकडे बघितलं. मग वहिनींकडे बघितलं. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही, कारण त्या पडद्यात गुंतल्या होत्या. सरांचा घास हातातच राहिला होता. तेवढ्यात जिन्यावरच्या बाईनं तोंड फिरवलं. वहिनी अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "झालं. आता रडंल." आणि ती रडली.

मी तसाच उठून हात धुतले आणि निघालो. दारातून मागं पाहिलं तेव्हा सर विचारत होते आणि वहिनी सांगत होत्या.

त्या टीव्हीचा आवाज दिवाळीपासून गेलेला होता. तो मंचरला दुरुस्तीला न्यायचं दोघांच्याही लक्षात राहत नव्हतं.